डिफरन्शियल गेलंय म्हणे!

मंडळी, माझ्या जुन्या पिकअपची ही कथा. 'डी'मधून रिव्हर्स टाकला की मागून 'ठक्' असा आवाज यायचा. इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने खाली शिरून प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळला. शाफ्ट हलला. निदान तयार: डिफरन्शियल गेलंय, अख्खा मागचा अ‍ॅक्सल बदला, 1800 डॉलर. मी मुकाट्याने भरले. (इंजिनियरिंगची डॉक्टरेट असून! बायको अजून ऐकवते.) आठवड्याभरात 'ठक्' परत हजर.

माझं मत विचाराल तर नुसता शाफ्ट पिळणं हे निदानच नव्हे. हाताला जाणवतो तो सगळ्यांचा मिळून प्ले: गियरबॉक्स, क्रॉस, क्राउन-पिनियन, आतले स्पायडर गियर, अ‍ॅक्सलच्या स्प्लाइन्स. चांगल्या गाडीतही शाफ्ट थोडा हलतोच.

हिशोब करून बघा. 8.8 इंची क्राउन, म्हणजे त्रिज्या साधारण 110 मिमी. दातांमधला प्ले बहुधा 0.15 ते 0.25 मिमी ठेवतात. 0.25 धरला तरी क्राउन फिरणार जेमतेम 0.13 अंश. गुणोत्तर 3.73 असेल तर पिनियनपाशी अर्धा अंश. म्हणजे शाफ्ट आठ-दहा अंश हलत असेल तर त्यातला बराचसा प्ले दुसरीकडून येतोय, आणि तो कुठून हे शोधायला नको?

मग मीच खाली शिरलो. पुढच्या चाकांना अडसर, मागे भक्कम स्टँड (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका!), गियर न्यूट्रल. पिनियनचा फ्लँज वर-खाली, पुढे-मागे ओढून पाहिला. तिथे प्ले शून्यच हवा, नाहीतर बेअरिंग गेलं समजायचं. नवाच अ‍ॅक्सल, ठीक होता. मग क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक धरून उलटसुलट पिळले. मागचा घट्ट. पुढचा खुळखुळत होता, टोप्यांभोवती तांबूस गंजाची पूड. अ‍ॅक्सल बदलताना शाफ्ट फक्त मागून सोडवला होता, पुढे कोणी बघितलंच नाही. तो क्रॉस तुटला असता तर शाफ्ट हायवेवर आपटला असता, आणि रोज सकाळी शेजारच्या सीटवर माझी मुलगी असते.

मेकॅनिक लबाड होता असं मी म्हणत नाही. इथली तासाची मजुरी पाहता डिफरन्शियल उघडून मोजत बसण्यापेक्षा अख्खा भाग बदलणं त्याला सोयीचं. पण क्रॉस तपासायला काही उघडावं लागत नाही हो, पाच मिनिटं पुरतात!

असो. जुना अ‍ॅक्सल गॅरेजनेच ठेवून घेतला. हाती लागला असता तर डायल गेज लावून बघितला असता.