आसनाने माणसाशी जुळवून घ्यावे

खुर्ची घडविताना लाकडाचे माप काटेकोरपणे घेतले जाते. बसणाऱ्याचे मात्र क्वचितच. नॉर्वेतील फर्निचर-रचनाकार पीटर ऑप्सविक यांनी हा क्रम उलटविला. आपल्या लहान मुलाला जेवणाच्या टेबलाशी नीट बसता येत नाही, हे पाहून त्यांनी १९७२ मध्ये ‘ट्रिप ट्रॅप’ ही लाकडी खुर्ची साकारली. तिची बैठक व पायाखालची फळी खाचांमधून वरखाली सरकविता येते. मूल वाढते, तशी खुर्चीही. त्यांच्या १९७९ मधील ‘व्हेरिएबल’ आसनाला तर पाठच नव्हती. पुढे कललेली बैठक, गुडघ्यांसाठी गाद्या आणि बुडाशी कमानदार लाकडी पट्ट्या! मांड्यांना उतार मिळाला की कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो आणि शरीर किंचित झुलत राहते.

अर्थात, त्यावरही तासन्‌तास बसल्यास नडग्या व गुडघे अवघडतात. कोणतेही आसन निर्दोष नसते; हालचालीला वाव देणे हाच त्याचा खरा गुण. खिडकीमागे दिवसभर बसणारा कर्मचारी असो वा बाकावर तिष्ठणारे ज्येष्ठ ग्राहक, त्यांच्या पाठीचा विचार दरपत्रकाआधी व्हावयास हवा. योग्य उंचीची बैठक आणि पायांखाली साधी फळी, एवढे तर गावचा सुतारही देऊ शकेल. ते मागण्याची दृष्टी मात्र आपल्याकडे हवी.