उंबऱ्यावरचे ठिपके

सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या वाटेवर रांगोळ्या घालणाऱ्या सोलापुरात रोजच्या अनेक उंबऱ्यांवर आता स्टिकर आले. सोय झाली, सकाळची ती निवांत पाच मिनिटे मात्र गेली. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, कागद, माती यांच्याशी हवे तसे खेळू दिले. सुमारे ७५ टक्के जणांचे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, घटले. अभ्यास छोटा, तुलनेला दुसरा गटही नव्हता. पण कलेचा सराव नसलेल्यांनाही फायदा झाला. तेव्हा ‘मला चित्र येत नाही’ ही सबब पुरुषांनीही सांगू नये. रात्री मोबाइल दूर ठेवून वहीच्या मागच्या पानावर पाच बाय पाच ठिपके मांडावेत, त्यांच्याभोवती संथपणे वळणे घ्यावीत. चुकले तर खोडू नये. झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर त्या डॉक्टरांना विचारूनच कमी कराव्यात.