अंधांच्या बोटांस अक्षर द्या

घरात अंध मुलगा असला म्हणजे आमचे शेतकरी व कारागीर बांधव त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवितात: भजनात टाळ धरणे, नाहीतर देवळाच्या पायरीवर हात पसरणे. मुलगी असेल तर तिला तेवढीही वाट नाही. चुलीपाशी बसून तिचा जन्म जातो. हे नशिबाचे लिहिणे नव्हे, आपल्या अनास्थेचे फळ होय.

तिसरी वाट विद्येची आहे, आणि ती एका कारागिराच्याच मुलाने काढिली. फ्रान्स देशात खोगीर-लगामाचे कातडीकाम करणाऱ्याच्या घरी 1809 साली लुई ब्रेल जन्मला. तीन वर्षांचा असता बापाचे हत्यार डोळ्यात गेले व पुढे दोन्ही डोळे गेले. त्याच पोराने 1824 च्या सुमारास सहा ठिपक्यांची लिपी बसविली व 1829 साली ती छापून प्रसिद्ध केली. दोन उभ्या ओळी, ओळीत तीन ठिपके. एवढ्यातून त्रेसष्ट आकृती निघतात. जाड कागद पाटीत धरून टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचावा, मग उलटून उठलेले ठिपके बोटाने डावीकडून उजवीकडे वाचावे.

आमच्या मैंदर्गीत मराठी व कानडी दोन्ही चालतात. 1951 साली आपल्या देशातील भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. तीत ‘क’ म्हणजे पहिला व तिसरा ठिपका, मग तो मराठीतला असो की कानडीतला. डोळसास दोन लिप्या घोकाव्या लागतात. अंधास एकीवर दोन्हींचे काम भागते.

कोणी म्हणतील, आता फोनच पुस्तक वाचून दाखवितो, मग ही यातायात कशास? त्यांस आमचा उलट सवाल आहे. आमच्या वाडवडिलांसही पोथी ऐकावयास मिळतच होती ना? खतपत्र कुळकर्णी वाचून दाखवीतच होता ना? सांगेल ते ऐकावे व दाखवील तेथे अंगठा उठवावा, ह्यात बहुजनांचे केवढे नुकसान झाले! म्हणूनच जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, व शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीर संस्थानात ते मोफत व सक्तीचे केले. नुसत्या ऐकण्याने शब्द कसा लिहावा हे कळत नाही. फोन अक्षराच्या जोडीस असावा, अक्षराच्या जागी नव्हे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत शेजारच्या किंवा पसंतीच्या खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्याचे कामही सरकारवर टाकिले आहे. परंतु मागितल्यावाचून काही मिळत नाही. आईबापांनो, मुलाचे नाव शाळेत घाला, आणि टोचणी-पाटी व शिकविणारा मागा. शिक्षकबंधूंनो, आपण डोळस आहो, ठिपके पाहूनही शिकता येतात; शिकण्यास लाजू नका. तोवर घरी पाटावर सहा चिंचोके मांडा. वरचा डावा एकटा ठेवा, तो ‘अ’. त्याखाली दुसरा ठेवा, तो ‘ब’. पोराचे बोट त्यावर फिरवा. आरंभास एवढे पुरे आहे.