मैदानाच्या कडेला कोण उभे आहे?



२४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत आपल्या महिला कबड्डी संघाचा अंतिम सामना इराणशी झाला. महिलांची कबड्डी या स्पर्धेत आली २०१० साली, आणि तेव्हापासूनची दोन्ही सुवर्णपदके आपली होती. मध्यंतराला आपण १३-११ असे पुढे होतो. शेवटी २७-२४ असे हरलो. इराणच्या त्या मुलींना शिकवणारी बाई होती आपल्या नाशिकची, शैलजा जैन.

‘आपलीच बाई आपल्यावर उलटली!’ ही माझ्या कानावर आलेली पहिली प्रतिक्रिया. मला प्रश्न पडला तो वेगळा. ही बाई आपल्या बाजूला का नव्हती?

शैलजाताई आधी खेळाडू, मग कितीतरी वर्षे नाशकात मुलींना चढाई आणि पकड शिकवणाऱ्या. भारतीय संघाची प्रशिक्षक व्हायची त्यांची इच्छा होती. ती संधी मिळाली नाही याची खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे. २०१७ साली, साठीच्या आसपास, त्या इराणला गेल्या. फारसी शिकल्या, मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणला, आणि दुसऱ्याच वर्षी सुवर्णपदक मिळवून दिले. ज्या वयात आपल्याकडे बाईने नातवंडे सांभाळावीत असे गृहीत धरतात, त्या वयात!

इराणमध्ये स्त्रियांचे आणि पुरुषांचे खेळ वेगळे ठेवण्याचा दंडक आहे. त्यामुळे मुलींसाठी स्त्री प्रशिक्षक शोधणे त्यांना भागच पडते. ही पडद्याची व्यवस्था आपल्याला नको, हे सांगायला नकोच. पण सक्तीने का होईना, तिथे बाईच्या ज्ञानाला गिऱ्हाईक मिळाले, आणि कबड्डीचे माहेर म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातली बाई परदेशी गेली. हे टोचते.

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना मी पाहते, की तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत मुली मैदानावर असतात, मग एकेक गळते. आयांना विचारले तर पहिली अडचण पैशाची निघत नाही. “सर चांगले असतील हो, पण शिबिराला चार दिवस बाहेरगावी कोणाच्या भरवशावर पाठवू?” असे म्हणतात. कडेला एखादी ताई उभी असली तर यातल्या निम्म्या आया तयार होतील, असा माझा अनुभव आहे.

बरे, जी टिकते तिचे पुढे काय? आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे. मुली पोलिसांत जातात, रेल्वेत जातात, आणि ते उत्तमच आहे. पण प्रशिक्षक व्हायचे तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका लागते. म्हणजे जवळजवळ वर्षभर घराबाहेर राहणे, तेही नेमके लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयात. खेळाडू नवऱ्याला घरचे हौसेने पाठवतात. खेळाडू सुनेला किती घरे पाठवतील?

पैसाही पुरुषांच्याच बाजूला वळतो. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. आपल्या पुणेरी पलटणने २०२४ मध्ये ती जिंकली, पुण्यात जल्लोष झाला. त्या स्पर्धेच्या जोडीला महिलांचे सामने घेतले गेले ते २०१६ साली, तीन संघांचे, चाखून पाहण्यापुरते.

चित्र अगदीच काळे नाही. २०२३ सालचा ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार कबड्डीच्या कविता सेल्वराज यांना मिळाला. एके काळच्या नामवंत खेळाडू तेजस्विनी बाई राष्ट्रीय संघाला शिकवू लागल्या.

कायद्याचेही एक सांगते, कारण क्लबवाल्यांना ते बहुधा ठाऊक नसते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, सरावाची आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे घातलेली आहे. २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या तेव्हा देशाने तक्रार ऐकली. पण गल्लीतल्या क्लबातल्या मुलीने तक्रार कोणाकडे करायची? समितीत बाई कोण आहे, तिचे नाव भिंतीवर लिहिले आहे का, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे.

पुढच्या अंकासाठी एक काम करा. तुमच्या भागातल्या मैदानावर संध्याकाळी चक्कर मारा. मुली किती, त्यांना शिकवते कोण, आणि शिकवणारी बाई असेल तर तिला महिना मानधन किती मिळते, एवढे पोस्टकार्डावर लिहून कळवा.