30 एप्रिलपर्यंत निर्णय घ्या

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वाचकांचा, ग्रंथपालांचा आणि वाचनालये चालवणाऱ्या कार्यकर्त्यांचा हा जाहीर इशारा आहे. तो उच्च व तंत्रशिक्षण विभागाला आहे, ग्रंथालय संचालनालयाला आहे आणि आमच्या तिन्ही पालिकांनाही आहे. पैशाअभावी या पट्ट्यातले एकही वाचनालय यापुढे आम्ही मुकाट्याने बंद होऊ देणार नाही.

2012 नंतर दहा वर्षे वाचनालयांचे सरकारी अनुदान जागचे हलले नाही. 2022 मध्ये 60 टक्के वाढ जाहीर झाली. त्या वाढीने ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे 30,000 रुपये 48,000 झाले. म्हणजे महिन्याला 4,000. त्यातले निम्मे वेतनाचे. रोज कुलूप उघडणारा, देवघेवीच्या नोंदी ठेवणारा, उसवलेल्या पुस्तकाला खळ लावून पुठ्ठा चढवणारा माणूस महिनाभर राबतो आणि त्याच्या हातावर 2,000 रुपये टेकवले जातात. किमान वेतनाचे दर ठरवणाऱ्या सरकारला याची लाज वाटली पाहिजे. उरलेल्या 2,000 मध्ये भाडे, वीजबिल, दैनिके, मासिके, दिवाळी अंक आणि नवी पुस्तके बसवायची. चार दैनिकांचे बिलच पाचसहाशेवर जाते. बदलापूर स्टेशनजवळ एका खोलीला काय भाडे पडते, ते मंत्रालयातून कोणीही येऊन विचारावे. त्यात हे पैसे दोन हप्त्यांत येतात. तोवर कार्यवाहाने पदरमोड करायची. त्याची ऐपत संपली की दाराला कुलूप लागते. राज्यात बारा हजारांवर असलेली शासनमान्य ग्रंथालये अकरा हजारांच्या घरात आली आहेत.

2011 च्या जनगणनेतच या तीन शहरांची लोकसंख्या नऊ लाखांवर होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या, ते लोकलच्या गर्दीत रोज कळते. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाचजणांत राहून पोलीस भरतीचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना वाचनालयाच्या अभ्यासिकेशिवाय बसायला दुसरी जागा नाही. त्यांच्यासाठी अभ्यासिका म्हणजे चैन नव्हे.

पैसा उभा करण्याचे मार्ग आहेत. तमिळनाडूत मालमत्ता करावर 10 टक्के ग्रंथालय उपकर आहे, कर्नाटकात 6 टक्के. आपल्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात असा उपकर नाही. सरकारने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान 25 लाख द्यावेत, एवढीच हमी आहे. पालिकांच्या लेखी तर ग्रंथालय हे ऐच्छिक काम. कर भरणे आम्हाला ऐच्छिक नाही.

बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभे केले, लोकांच्या घरांतून निघालेली जुनी, दुर्मीळ पुस्तके जपली. या शहराला त्याचा अभिमान आहे. पण एका शिक्षकाने आयुष्य वेचून केलेल्या कामाकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत. अशी माणसे शासन निर्णय काढून निर्माण होत नाहीत.

30 एप्रिलपर्यंत तीन गोष्टी लेखी हव्यात. थकलेला प्रत्येक हप्ता जमा करा आणि पुढच्या वर्षीचा पहिला हप्ता जूनअखेर द्या. ग्रंथालय सेवकांना किमान वेतनाएवढे वेतन मिळेल, असे अनुदान ठरवा. तिन्ही पालिकांनी आपल्या अंदाजपत्रकात वाचनालयांसाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी आणि पालिकेच्या रिकाम्या जागा नाममात्र भाड्याने द्याव्यात. तोंडी आश्वासन, समिती, ‘प्रस्ताव विचाराधीन’ असले उत्तर आम्ही स्वीकारणार नाही.

लेखी उत्तर आले नाही, तर 1 मे रोजी ध्वजवंदन आटोपताच आम्ही ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर वाचनालय भरवू. कपाटे, सतरंज्या, देवघेवीचे रजिस्टर, अभ्यासाला बसणारी मुले, सगळे तिथे असेल. रोज सकाळी आठला उघडेल, रात्री आठला बंद होईल. पोलिसांनी उठवले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडेल. आणि यापुढे तिन्ही शहरांत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, या तीन मागण्यांवर सही केल्याशिवाय आमच्या दारात उभे राहता येणार नाही.