विश्लेषण : सोसायटीचे सॉफ्टवेअर बदलताना कर्जखात्याचा उतारा का तपासावा?

वाळवा, पलूस असो की कराड, पाटण. गावातल्या शेतकऱ्याचे पीककर्ज विकास सोसायटीच्या खतावणीत नोंदलेले असते. ही खतावणी नव्या सॉफ्टवेअरवर नेताना एक तारीख चुकली, तरी फटका थेट शेतकऱ्याला बसू शकतो.

प्रकल्प काय आहे?
केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजेच आपल्याकडच्या विकास सोसायट्या, एकाच सॉफ्टवेअरवर आणून जिल्हा बँकांशी जोडायच्या, हा उद्देश. अंमलबजावणी नाबार्डकडे आहे. राज्यातील सुमारे १२ हजार सोसायट्या त्यात आहेत.

धोका कुठे?
नवे सॉफ्टवेअर बसवणे सोपे. जुन्या नोंदी बिनचूक नेणे अवघड. मुदतीत फेडल्यास ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. परतफेडीची तारीख चुकीची चढली, तर नियमित कर्जदारही थकबाकीदार दिसेल आणि व्याज सवलत अडकेल. ऊसपट्ट्यात वसुली कारखान्याच्या बिलातून होते. बदलाच्या दिवसांतच ती रक्कम जमा झाली, तर नोंद सुटण्याची किंवा दोनदा होण्याची शक्यता असते.

सुरक्षित पद्धत कोणती?
एक तारीख ठरवून जुने व्यवहार बंद करायचे, तेरीज जुळवायची आणि डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची. त्यानंतर काही काळ दोन्ही नोंदी समांतर चालवायच्या. शिल्लक जुळेपर्यंत जुने सॉफ्टवेअर काढायचे नाही.

घाई मोठ्या बँकांनाही भोवते. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेली. त्यातील १९ लाखांपर्यंत ग्राहकांना ऑनलाइन खातेच उघडता येईना. २०२२ मध्ये बँकेला ४.८६ कोटी पौंडांचा दंड झाला.

सभासदांनी काय करावे?
- बदलापूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही उतारे गटसचिवांकडून घ्यावेत.
- मुद्दल, व्याज, कर्ज उचलल्याची व परतफेडीची तारीख आणि शेअर्सची रक्कम ताडून पाहावी.
- भरणा पावत्या, ऊसबिलाच्या कपातीचा कागद जपून ठेवावा.
- फरक दिसल्यास लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

चूक पहिल्या महिन्यात सापडली, तर जुन्या नोंदीवरून ती दुरुस्त होते. वसुलीची नोटीस आल्यावर शोधायला गेल्यास पुरावे गोळा करण्याची धावपळ शेतकऱ्यालाच करावी लागेल.