होडी पाण्यात, परीक्षा कागदावर

२१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. होडीत सात माणसे होती. त्यांपैकी एक पोहून काठाला लागला. उरलेली सहा बुडाली, आणि त्या सहांत दोन अजाण बालके होती. त्याआधी चारच महिने, जानेवारीत, गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेवर मिरची तोडणीला निघालेल्या मजूर स्त्रियांची होडी उलटली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीत वरुडजवळ अकरा माणसे अशीच बुडाली. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा आणि जानेवारी २०१८ मध्ये डहाणूच्या किनाऱ्यावर कनिष्ठ महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनींचा अंत झाला. पाणी निरनिराळे, होड्या निरनिराळ्या, प्रवाशांचे प्रयोजनही निरनिराळे; परंतु दुर्घटनेनंतर घडणारा क्रम मात्र एकसारखा आहे. चौकशीचा आदेश निघतो, काही दिवस होड्या बंद राहतात, चालकाजवळ परवाना होता काय असा प्रश्न विचारला जातो, आणि पुढचा हंगाम येतो तेव्हा तो प्रश्न विचारणाराही कोणी उरत नाही.

प्रश्न योग्यच आहे, पण अपुरा आहे. परवाना होता की नव्हता, एवढ्यावर चर्चा थांबते. असता तर त्या परवान्याने कोणत्या कौशल्याची ग्वाही दिली असती, याकडे कोणी वळत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि धरणांच्या जलाशयांत आज होडी हाकणाऱ्यांमध्ये अठरा-वीस वर्षांच्या मुलांचा भरणा मोठा आहे. त्यांना प्रमाणपत्र द्यावयाचे तर ते कशाचे द्यावे, कोणी द्यावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा खरा विषय आहे. प्रथमदर्शनी तो तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो बराचसा अर्थशास्त्राचा आहे.

आधी कायद्याची स्थिती पाहू. देशातील नद्या, खाड्या व जलाशय यांवरील यांत्रिक नौकांसाठी १९१७ चा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होता. तो मुळात वाफेच्या बोटींसाठी केलेला. मास्तर, सारंग, इंजिन-चालक अशा दर्जांच्या प्रमाणपत्रांची त्यात व्यवस्था होती, पण नियम राज्याराज्यांचे वेगळे होते. त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली आणि जून २०२२ पासून तो अंमलात आला. नौकेची नोंदणी, कर्मचाऱ्यांची पात्रता, प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र यांची एकसूत्री रचना त्यात आहे. बिनइंजिनाच्या होड्यांकडे पूर्वीच्या कायद्याचे लक्षच नव्हते. नव्या कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. किनाऱ्यापुरते बोलायचे तर १९९६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ आहेच. तेव्हा आपल्याकडे कायदा नाही, ही सभासंमेलनांतील तक्रार खरी नव्हे. उणीव आहे ती कायद्याचे कलम आणि होडीचे सुकाणू यांच्यामधल्या अंतरात.

या अंतराविषयी किनाऱ्यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ‘आमच्या पोरांना तुम्ही काय होडी शिकविणार? ती पाण्यातच वाढली.’ हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. कोळ्याच्या, गाबिताच्या किंवा खारव्याच्या घरचा मुलगा उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक पुस्तकात वाचत नाही. मतलई वारा केव्हा पडेल हे तो आकाशाकडे पाहून सांगतो. भीमेकाठचा भोई जलाशयात बुडालेल्या झाडांच्या जागा नकाशावाचून जाणतो. हे ज्ञान खरे आहे, आणि इंग्रजी प्रश्नपत्रिका पुढे ठेवून त्याची परीक्षा घेऊ पाहणारी यंत्रणा हास्यास्पद ठरेल.

तथापि या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. मासेमारीच्या होडीत बसलेला प्रत्येक जण खलाशी असतो. तांडेलाने नुसता हात केला की कोणी कोठे सरकायचे, काय ओढायचे, काय सोडायचे, हे सर्वांना कळते. पर्यटकांच्या होडीत चालक सोडला तर पाण्याचे ज्ञान असणारा बहुधा कोणीच नसतो. लाट आली की सगळे एका अंगाला धावतात. छायाचित्रासाठी तर लाट नसतानाही धावतात. शिवाय वडिलांच्या होडीला वल्हे, शीड किंवा मंद गतीचे इंजिन होते. मुलाच्या हाती आज जेट स्की आहे, अथवा दहा माणसांना फुगीर नळकांड्यावर बसवून ओढणारी वेगवान होडी आहे. पाणी तेच राहिले. होडीतली माणसे आणि होडीचा वेग बदलला. वडिलोपार्जित विद्येत या दोहोंचा पाठ नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

आता बाजाराचा विचार. काठावर उभ्या असलेल्या प्रवाशाला चार होड्या दिसतात. कोणता चालक निष्णात आणि कोणता नवशिका, हे जाणण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. त्याला दिसते ते भाडे. ज्या होडीवाल्याने क्षमतेइतकीच माणसे घेतली, जाकिटे बदलली, वारा वाढताच फेरी रद्द केली, त्याचा दर माणशी खर्च वाढतो; ज्याने यांपैकी काहीच केले नाही तो स्वस्तात नेतो. गुणवत्ता जेथे दिसत नाही तेथे चांगला माल बाजारातून हटतो आणि वाईट उरतो, हे अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. होड्यांचा धक्का हे त्याचे चालते उदाहरण आहे. फरक इतकाच की, येथे फसलेल्या गिऱ्हाइकाला तक्रार करायला परत येता येईलच असे नाही. प्रमाणपत्राचे आर्थिक समर्थन एवढेच आहे की, जे प्रवाशाला दिसत नाही ते त्याने दिसावे. पण असे प्रमाणपत्र परीक्षेवाचून मिळू लागले तर ते नसण्यापेक्षा घातक, कारण मग नवशिक्याच्या छातीवरही तोच बिल्ला झळकतो.

यात चालक आणि मालक हा भेदही लक्षात घेतला पाहिजे. किनाऱ्यावरील पुष्कळ होड्यांचा मालक एक आणि सुकाणू धरणारा मुलगा दुसरा असतो. मुलाला रोजंदारी किंवा फेरीगणिक पैसे मिळतात. जूनपासून पाऊस आणि खवळलेला समुद्र यांमुळे धंदा बसतो; उरलेल्या महिन्यांतही खरी कमाई सुट्यांची आणि शनिवार-रविवारची. अशा स्थितीत ‘वारा वाढला, फेरी नको’ असे म्हणणारा मुलगा दुसऱ्या दिवशी कामावर असेल काय? हे धैर्य एकट्या प्रमाणपत्राने येणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकाला वा वाहनमालकाला दोषी धरण्याची तरतूद झाली. पाण्यावरही त्याच न्यायाने प्रमाणपत्रावाचून मुलाला सुकाणूवर बसविणाऱ्या मालकाची नोंदणी आधी गेली पाहिजे, मुलावरचा खटला नंतर.

तरुण चालकांच्या प्रमाणपत्राचा सर्वांत विस्तृत प्रयोग अमेरिकेतील घटक राज्यांनी केला आहे. तेथे सहलीसाठी होडी चालविणाऱ्याला केंद्राचा परवाना लागत नाही. नियम राज्ये करतात. फ्लॉरिडात १ जानेवारी १९८८ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला दहा किंवा अधिक अश्वशक्तीची होडी चालवायची तर सुरक्षा-शिक्षणाचे ओळखपत्र लागते. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये वीस वर्षांपर्यंतच्या तरुणांपासून आरंभ केला, दरवर्षी वयाची मर्यादा वर सरकवली आणि २०२५ पर्यंत सर्व वयाच्या चालकांना कक्षेत आणले. या योजनेतील चातुर्य तिच्या जन्मसालाच्या रेषेत आहे. साठ वर्षांच्या तांडेलाला ‘परीक्षेला बसा’ म्हटले तर तो अपमान मानील आणि सगळा किनारा त्याच्या बाजूने उभा राहील. विशीतल्या मुलाला तसे वाटत नाही. पिढी पुढे सरकते तशी शिकलेल्यांची संख्या आपोआप वाढत जाते, आणि कोणाची रोजी एका रात्रीत बुडत नाही.

तेथील तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार, चालकाच्या शिक्षणाची माहिती उपलब्ध होती अशा अपघातांतील दर चार मृत्यूंपैकी सुमारे तीन मृत्यू सुरक्षा-शिक्षण न घेतलेल्या चालकांच्या होड्यांवर झाले. (मुळात न शिकलेल्या चालकांचे प्रमाण किती, हे पाहिल्यावाचून या आकड्यावर फार भार टाकू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन.) याहून बोलका आकडा दुसराच आहे: बुडून मेलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के माणसांच्या अंगावर जाकीट नव्हते.

मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलणे चुकीचे होईल. अमेरिकेतील ते कार्ड प्रामुख्याने स्वतःच्या हौसेसाठी होडी चालविणाऱ्याचे आहे. भाडे घेऊन माणसे नेणाऱ्याला तेथे तटरक्षक दलाचा वेगळा आणि अधिक कठोर परवाना लागतो. शिवाय ती परीक्षा बहुतांशी ज्ञानाची आहे, घरबसल्या संगणकावरही देता येते. आपल्याकडे हौसेच्या होड्या मूठभर; प्रश्न पोटासाठी होडी चालविणाऱ्यांचा आहे. त्यांच्याकडून जन्मसालाची रेषा घ्यावी, परीक्षा घेऊ नये.

परीक्षा पाण्यातच झाली पाहिजे, आणि मराठीत. क्षमतेइतके वजन भरल्यावर होडी किती बसते आणि त्यापुढे चार माणसे वाढली की वळणावर काय होते, हे मुलाला प्रत्यक्ष दाखवावे. समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळायचे, हा सागरी नियम त्याच्या हाताला वळण म्हणून लागावा. पोहणाऱ्याजवळ जाताना पंखा बंद करणे, चालक पाण्यात पडला तर इंजिन थांबविणारी दोरी मनगटाला बांधणे, उलटलेल्या होडीला धरून माणसांना एकत्र ठेवणे, बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, या गोष्टी प्रश्नपत्रिकेत मावणाऱ्या नाहीत. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि पंधरा जण प्राणास मुकले. तेथे प्रवासी होडीच्या चालकाचे कौशल्य टक्कर टाळण्यास असमर्थ होते. पण टकरीनंतरची मिनिटे कोणत्याही होडीवर येऊ शकतात, आणि तेव्हा जाकिटे फळीखाली बांधलेली आहेत की प्रवाशांच्या अंगावर, हे निघतानाच ठरून गेलेले असते. जाकीट घातल्यावाचून नांगर न उचलणे ही चालकाची सवय व्हावी, एवढे जरी या शिक्षणाने साधले तरी त्याचा खर्च वसूल झाला असे मी मानीन.

शिक्षणाची केंद्रे अगदीच नाहीत असे नाही. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पण कुगावच्या किंवा वैनगंगेकाठच्या मुलाला गोव्याचा काय उपयोग? आणि या ठिकाणी धोरणाची खरी कसोटी लागते. पर्यटकाची होडी बंद केली तर पर्यटक घरी जातो. उजनीच्या फुगवट्याने तोडलेल्या गावांतील माणसाला होडी बंद झाल्यावर लांबचा वळसा पडतो. मजूर बाईचा त्या दिवसाचा रोज जातो. म्हणून बंदी चार दिवसांत मोडते, आणि मोडलेल्या बंदीखाली चालणारी होडी ही सर्वांत धोक्याची, कारण ती मग कोणाच्याच दप्तरी नसते. अशा तरींच्या बाबतीत दंडाचा बडगा उगारण्याआधी ग्रामपंचायतीच्या हाती जाकिटे आणि मुलाच्या हाती फुकट शिक्षण देणे हेच शहाणपणाचे आहे.

वयाचाही निर्णय मोटारीप्रमाणे करता येईल. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला शिकाऊ परवाना द्यावा. त्याने प्रमाणित तांडेलाच्या शेजारी बसून चालवावे, एकट्याने प्रवासी नेऊ नयेत. घरच्या धंद्यात मुलाने मदत करण्यावर संपूर्ण बंदी घालण्यापेक्षा ही मधली पायरी किनाऱ्याच्या रीतीला अधिक जवळची आहे. कायद्याच्या दृष्टीने अदृश्य असलेला मुलगा तिने निदान नोंदवहीत येईल. आज ज्यांचे केस पाण्यावर पांढरे झाले त्या तांडेलांनाच परीक्षक नेमले तर त्यांचा मानही राहील आणि परीक्षाही खरी होईल.

राहता राहिला खर्च. शुल्क शंभर रुपये ठेवा की पाचशे, मुलाला खरा भुर्दंड बुडालेल्या रोजाचा पडतो. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन हेलपाटे आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे ऐन हंगामात आठवड्याची कमाई गेली. तेथेच मध्यस्थाचा धंदा सुरू होतो आणि प्रमाणपत्र घरपोच येऊ लागते. पावसाळ्यात मात्र होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि मुले रिकामी असतात. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळू लागले की बंदराबंदरांवर, खाडीच्या आतल्या शांत पाण्यात पंधरा दिवसांची शिबिरे घ्यावीत, त्यांचा खर्च पर्यटक-होड्यांच्या तिकिटावर रुपया-दोन रुपये अधिभार लावून काढावा, आणि उपस्थित राहणाऱ्या मुलाला त्यातूनच दिवसाचा भत्ता द्यावा. जलाशयांवर हेच काम उन्हाळ्यातील वादळी वाऱ्यांचे दिवस सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारीत, पाटबंधारे खात्याच्या वसाहतींत करता येईल. त्या वसाहती धरणांच्या जवळच आहेत.